काम नसताना पाण्यावर



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बचत, कर्ज, अंतर्गत व्यवहार, कुक्कुटपालन, परसबाग यावर आम्ही आजवर बोललो. आज बोलायचं आहे फिरायला जाण्याबद्दल. तेही देवाला नाही, लग्नाला नाही, दवाखान्यात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या तलावावर, धरणाच्या काठाला, सकाळी जायचं, भाकर खायची, पाखरं पाहायची आणि संध्याकाळच्या आत घरी यायचं. एवढंच.

गटाच्या बैठकांमध्ये आम्ही एक प्रश्न विचारून पाहिला. "काही काम नसताना तुम्ही पाण्याच्या काठी शेवटच्या कधी बसल्या?" बाया आधी एकमेकींच्या तोंडाकडे पाहायच्या. मग उत्तरं यायची. धुणं धुवायला गेलो होतो. गणपती शिरवायला गेलो होतो. सासऱ्याच्या दहाव्याला नदीवर गेलो होतो. उन्हाळ्यात नळ आला नाही तेव्हा हांडे घेऊन गेलो होतो. एक आजी म्हणाली, "माय, पाण्यावर कामाबिगर कोन जाते?" आणि सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. आपलं पाण्याशी नातं किती मोठं आहे आणि ते सगळंच्या सगळं कामाचं आहे, हे तेव्हा आमच्याही ध्यानात आलं. घरचे पुरुष धरणावर पार्टी करून येतात. पोट्टे मोटरसायकलवर जाऊन फोटो काढून येतात. आपण मात्र त्यांचा डबा भरून देतो.

आता कुणी म्हणेल हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे. आम्हाला तसं वाटत नाही. कार्तिकात आवळीभोजन असतं. झाडाखाली सैपाक करायचा आणि तिथंच पंगत बसवायची, हे आपल्या आज्यांनी केलेलं आहे. भुलाबाई शिरवायला पोरी गाणी म्हणत पाण्यावर जायच्या. वावरात गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि सगळं गणगोत बांधावर बसलेलं. हे सगळं सहल नाही तर काय आहे? फरक एवढाच की त्याला देवाचं नाव होतं म्हणून बाईला घराबाहेर पडता येत होतं. देवाचं नाव न घेताही एक दिवस मागता येतो का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. त्या घरांमधल्या बायांबरोबर आम्ही काम करतो. त्यांना कर्जाची फाइल लागते, तसा कुणाशी तरी मोकळं बसायचा एक दिवसही लागतो, असं आमचं मत झालं आहे. फाइलची गोष्ट सगळे बोलतात, म्हणून आज दिवसाची बोलतो.

तर जायचं कुठं? यवतमाळ जिल्ह्यात पाणी कुठं आहे, असं लगेच कुणी विचारेल. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळ शहरातल्या बायांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. पण पावसाळा बरा झाला की आपला जिल्हा पाण्याने भरलेला असतो. बाभुळगावकडे बेंबळा, दिग्रसला अरुणावती, पुसदला पूस, पैनगंगेवर इसापूर, घाटंजीकडे वाघाडी, पांढरकवड्याजवळ सायखेडा, दारव्ह्याकडे गोकी. लहान पाझर तलाव आणि गावतळी तर तालुक्या-तालुक्यात आहेत. उमरखेडकडच्या बायांना पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा माहीत आहेच. अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे नांदेड.

एक गोष्ट समजून घ्या. यातलं बहुतेक पाणी माणसाने अडवलेलं आहे. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत शेकडो वर्षांचे मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधला असं सांगतात. आपल्याकडे तसं नाही. आपली धरणं अलीकडची, बरीचशी गेल्या पन्नास-साठ वर्षांतली, आणि ती बांधली ओलितासाठी. त्यामुळे त्यांच्याकडे पाहायची आपली नजरही तशीच. किती टक्के भरलं, कालव्याला पाणी कधी सुटणार, मोटर चालणार का. पण पाखरांना हे माहीत नसतं. त्यांना उथळ पाणी, चिखल, गवत आणि मासोळी दिसली की ती उतरतात.

अशा उथळ, ओल्या जागेला पाणथळ म्हणतात. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावात अशा जागा जपण्याचा जगातल्या देशांनी करार केला. म्हणून 2 फेब्रुवारी हा पाणथळ दिवस पाळतात. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा 2020 मध्ये ठरली, ती नाशिक जिल्ह्यातली नांदूर मध्यमेश्वर. आणि ती काय आहे? गोदावरीवरचा ओलितासाठी बांधलेला बंधाराच. त्यामागे गाळ साचला, गवत वाढलं, पाखरं आली. त्याच वर्षी आपल्या विदर्भातलं, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर या यादीत गेलं, नंतर 2022 मध्ये ठाण्याची खाडी. आपल्या इसापूरच्या जलाशयालाही पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, हे पुसदकडच्या कितीतरी बायांना ठाऊक नसतं. तुमच्या गावाजवळच्या तलावाला मात्र असं कुठलं नाव नसणार. 2017 चे पाणथळ जागांचे केंद्राचे नियम आहेत, त्यात ओलितासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव धरलेलेच नाहीत. म्हणजे आपल्या तलावावरच्या पाखरांची काळजी कायदा घेईल असं समजून बसू नका. ती काठावरच्या गावालाच घ्यावी लागेल.

आता पाखरांबद्दल सांगतो, कारण आमच्या बायांना सगळ्यात जास्त मजा त्यातच आली.

एक बदक आहे, त्याचं मराठी नाव हळदीकुंकू. खरंच सांगतो, पुस्तकात हेच नाव आहे. काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि कपाळाजवळ चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूला लाल ठिपका. आपण वाण द्यायला जातो तसं ते बदक जणू कुणाच्या घरून हळदीकुंकू घेऊनच निघालं आहे. हे आपल्याकडे बारा महिने असतं. दुसरा एक काळाकुट्ट पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर घोळक्याने हिंडतो. त्याचं नाव वारकरी. खंड्या, पाणकावळा, बगळा, टिटवी ही तर आपली ओळखीचीच मंडळी. लांब लाल पायांचा शेकाट्या चिखलात असा चालतो की चिखल पायाला लागू नये म्हणून लुगडं वर धरलेली बाईच वाटते.

आणि कमळपक्षी. शिंगाड्याच्या, कमळाच्या पानांवरून तो चालतो, कारण त्याची बोटं लांबच लांब असतात आणि वजन पानावर पसरतं. यांच्यात अंडी नर उबवतो. मादी अंडी घालून मोकळी होते आणि पिलांना सांभाळायचं काम बापाचं. हे सांगितलं तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "वा रे बाप्पा! आमच्या घरी हे पाखरू पाठवा ना एक." त्या दिवशीचं सगळ्यात मोठं हसू ते होतं.

हिवाळ्यात पाहुणे येतात. पट्टकादंब नावाचा हंस, राखाडी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून तो येतो. विदर्भातल्या तलावांवर थंडीत त्याचे थवे उतरतात आणि काठच्या गवतावर, पिकावर चरतात. केशरी रंगाचा चक्रवाकही तेव्हाच येतो. दिवाळी झाली की यायला लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 तारीख डॉ. सालीम अली यांचा. चितमपल्लींनी आयुष्यातली कितीतरी वर्षं आपल्या विदर्भातल्या जंगलांत, नवेगावबांधच्या तलावाकाठी काढली आणि ढिवर, गोंड, माडिया लोकांकडून पाखरांची नावं गोळा केली. शिकलेल्या माणसाने कमी शिकलेल्या लोकांकडून शिकून पुस्तकं लिहिली, हे आम्हाला फार आवडतं. तुमच्या गावातल्या भोई बाईला पाखरांची जी नावं माहीत आहेत ती तिला विचारा. तिच्याकडे पुस्तकात नसलेलीही निघतील.

अडचण अशी की पाखरं येतात त्याच दिवसांत कापूस फुटतो. वेचणीच्या दिवसांत बाईला एक दिवस मोकळा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. हे काही लहान नाही आणि आम्ही त्यावर वाद घालणार नाही. आमच्या गटांनी यातून वाट काढली ती अशी. पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीच्या मधला दिवस धरायचा. मार्गशीर्षातला गुरुवार टाळायचा, कारण घरोघरी उपास आणि पूजा असते. बाजाराचा दिवस टाळायचा. अशी तारीख काढायला आम्हाला तीन बैठका लागल्या. लग्नाचा मुहूर्त लवकर निघतो.

पैशाचं सांगतो. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. वेगळा डबा केला. ज्यांना यायचं त्यांनी आठवड्याला 10 रुपये टाकायचे. वर्षाचे 520 होतात. दोन गाड्यांचं भाडं, चहा आणि वर थोडे उरतात. ज्या ताईला 10 रुपयेही जड जातात तिला तेवढ्यासाठी मागे ठेवायचं नाही, पण तिचं नाव वहीत वेगळं लिहायचंही नाही. जेवण घरून. भाकरी, ठेचा, जवसाची चटणी, कुणी पिठलं, कुणी वांग्याचं भरीत. गाडी ठरवताना टपावर कुणाला बसवायचं नाही, हे गाडीवाल्याला आधीच बजावा.

परवानगी हा त्याहून अवघड विषय. "काय करा लागते तिथं जाऊन?" असं एका सासूबाईंनी विचारलं. आमच्या अध्यक्ष ताईने उत्तर दिलं, "आत्याबाई, तुमीच चाला ना. मग तुमीच पाहा काय करा लागते ते." त्या आल्या. गाडीत सगळ्यात पुढं बसल्या. बाकी घरांमध्ये आम्ही भांडण केलं नाही, पण परवानगी मागितली असंही म्हणणार नाही. सांगितलं. अमुक दिवशी जाणार आहोत, दुपारचा सैपाक करून ठेवला आहे, संध्याकाळी पाच वाजता परत. दोन घरी नाही म्हणाले. त्या दोघी आल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यातली एक आली.

आम्ही बेंबळ्याच्या बॅकवॉटरच्या काठाला गेलो. धरणाच्या भिंतीवर जायचं नाही, तो सरकारी बंदोबस्ताचा भाग असतो. मागच्या बाजूला, जिथं पाणी पसरट आणि काठ सपाट असतो, तिथं पाखरंही जास्त असतात आणि बसायलाही बरं. हिवाळ्यात पाणी मागे हटायला लागतं, तशी काळी गाळाची जमीन उघडी पडते. कुठं कुठं त्यावर गाळपेर केलेली दिसते. आमच्याकडे एका ताईच्या मुलाची दुर्बीण होती. ती पन्नास हातांतून फिरली. सुरुवातीला एकीला काहीच दिसेना, कारण तिने उलटी धरली होती. नंतर नीट धरली आणि ती एकदम मागे सरकली, म्हणाली, "अवं, हे तर डोळ्यातच येऊन राह्यलं!"

आमच्यातल्या एका ताईचं माहेर अशाच एका धरणाच्या पोटात गेलेलं आहे. कुठल्या, ते नाही सांगत. तिने दुर्बीण घेतली नाही. ती काठावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली की आमच्या गावात चिंचेखाली विहीर होती, ती आता किती हात खाली असेल? कुणाकडे उत्तर नव्हतं. मग तिने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर आमच्यापुढे केली आणि गावातल्या गोष्टी सांगायला लागली. कुणाचं घर कुठं, पोळ्याचं तोरण कुठं लागायचं, शाळेची घंटा कोण चोरून वाजवायचं. तासभर सांगत होती. गटात ती सात वर्षांपासून आहे. हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पाणी पाहायला जाताना हे लक्षात ठेवा की तुमच्यासाठी जो नजारा आहे तो कुणाचं तरी अंगण होतं.

तिच्या विहिरीवरून आम्ही मुद्द्यावर येतो. मैत्रिणींनो, हे जरा कान देऊन ऐका. धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. पाय भिजवायलाही नाही. नदीचा काठ आणि धरणाचा काठ यात फरक आहे. धरणाखाली जुन्या विहिरी, नाले, झाडांची खोडं, पडकी घरं असतात. वरून पाणी गुडघाभर दिसतं, पुढच्या पावलाला पुरुषभर असू शकतं. गाळ पाय धरून ठेवतो. साडी भिजली की तिचं वजन होतं आणि ती पायात गुंडाळते. सांडव्याजवळ आणि नदीच्या पात्रात, धरणाच्या खालच्या बाजूला, पावसाळ्यात अजिबात थांबायचं नाही, कारण वर दरवाजे उघडले की पाणी एकदम वाढतं. सहस्रकुंडला तर खडक शेवाळाने निसरडे असतात. तिथं लांबूनच पाहायचं.

नावेबद्दलही असंच. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात तरुण पोरांची नाव उलटली आणि पोरं बुडाली. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. ते तर दशक्रियेसाठी आलेलं एक कुटुंब होतं. तीच वर्धा नदी पुढं आपल्या जिल्ह्याच्या काठाने वाहते. म्हणून आमचा नियम सरळ आहे. अंगात घालायचं जॅकेट प्रत्येकीला असेल तरच नावेत पाय, आणि नाववाला म्हणतो त्यापेक्षा दोन माणसं कमी. जॅकेट नाही तर नाव नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. न पोहणारी बाई उडी मारते आणि दोन जीव जातात. काही तरी फेका. ऑगस्ट 2020 मध्ये तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात एका धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. तिथं आलेल्या तीन बायांनी अंगावरच्या साड्या सोडल्या, त्या पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोघं वाचू शकले नाहीत. त्या बायांचा पुढं राज्य सरकारने सन्मान केला. लाज धरून त्या उभ्या राहिल्या असत्या तर ते दोघंही गेले असते. आम्ही आता सहलीला जाताना एक जुनं नऊवारी लुगडं, त्याच्या टोकाला रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन बांधून, बरोबर नेतो. कॅन तरंगतो, लुगडं ओढायला होतं. दोर असेल तर आणखी चांगलं.

पांढरकवडा, घाटंजी, झरी, मारेगाव, राळेगावकडच्या बायांना एक वेगळी सूचना. टिपेश्वरचं जंगल आणि आजूबाजूचा भाग वाघाचा आहे. 2018 पर्यंत राळेगाव-पांढरकवडा भागात लोकांनी काय भोगलं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. वाघालाही पाणी लागतं. पाखरं पाहायची खरी वेळ भल्या पहाटेची, पण जंगलाला लागून असलेल्या तलावावर पहाटे आणि सांजेला जाऊ नका. नऊनंतर जा, घोळक्याने राहा, शौचाला एकटी झुडपात जाऊ नका.

शौचाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलू. तलावावर मुतारी नसते. पुरुष कुठंही उभे राहतात. बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दिवसभर डोकं दुखवून घेतात. आम्ही चार बांबू आणि दोन जुन्या साड्या नेतो, पाण्यापासून लांब, झाडाआड आडोसा करतो, कुदळ नेतो, माती लोटतो. पाळी आलेली बाईही मग बिनधास्त येते. वापरलेले कपडे, पॅड पिशवीत घालून परत न्यायचे. पाण्यात, काठावर काही टाकायचं नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्याकडे ज्या बाया येत नव्हत्या त्यातल्या निम्म्या या एका कारणाने येत नव्हत्या.

दुसरी भीती दारू पिणाऱ्या टोळक्यांची. सुटीच्या दिवशी धरणांवर बाटल्या फुटलेल्या असतात. आम्ही रविवार टाळतो, मासेमारांच्या घाटाजवळची जागा निवडतो, कारण तिथं दिवसभर ओळखीची माणसं असतात. निघताना पोलीस पाटलांना सांगून निघतो आणि 112 हा नंबर सगळ्या जणींनी पाठ केलेला आहे. मासेमारांची जाळी, नावा, जागा त्यांच्या पोटाची आहे. तलाव त्यांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. त्यांना विचारून बसा आणि जाताना त्यांच्या बायकांकडून मासोळी विकत घ्या. भाव करत बसू नका.

पत्रावळी पळसाच्या न्या, थर्माकोलच्या नको. एप्रिल-मे महिन्यात टिटवी आणि नदीसुरय उघड्या खड्यांवर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात. पायाखाली येतात. त्या दिवसांत पाण्यामधल्या उघड्या बेटांवर आणि खडकाळ काठावर पोरांना पळू देऊ नका.

शेवटी काही जणी विचारतात ते, म्हणजे यातून गटाला पैसा होईल का? होतो, अशी उदाहरणं आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया 2017 पासून कांदळवन सफारी चालवतात. स्वतः नाव वल्हवतात, पर्यटकांना झाडांची, पाखरांची माहिती सांगतात. पुणे जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला माणसं येतात, तिथली मासेमार कुटुंबं नावेतून फिरवतात आणि घरचं जेवण देतात. आपल्या शेजारी भंडारा-गोंदियात ढिवर बायांनी तलावातली बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या, मासे आणि पाखरं दोन्ही परत आणली. पण वेंगुर्ल्याला गोव्याचा रस्ता आहे, भिगवणला पुणे-सोलापूर हमरस्ता. आपल्याकडे बेंबळ्यावर किंवा अरुणावतीवर रोज माणूस येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नावेसाठी कर्ज काढू नका. गटाने आधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्या चार महिन्यांत सुटीच्या दिवशी चहा आणि झुणका-भाकर ठेवून पाहावी. किती माणसं आली ते वहीत लिहावं. दोन हिवाळ्यांची वही हातात आली की मग ग्रामसंघात बोलू.

आमच्या एका गावाने मात्र पैशाआधी दुसरं काम केलं. सहलीहून आल्यावर महिला ग्रामसभेत बायांनी तलावाचा विषय मांडला. काठावर दोन मुताऱ्या, एक बाईंची एक पुरुषांची, आणि पाणी खोल आहे असा पाटी-फलक. फलक लागला आहे. मुतारीचा ठराव वहीत आहे, पुढच्या सभेत पुन्हा वाचणार आहोत.

यंदा आमच्या प्रभागातले चार गट अरुणावतीला जायचं म्हणतात. पौषातला दिवस धरला आहे, संक्रांतीच्या नंतरचा, म्हणजे तिळगूळही बरोबर नेता येईल. ज्यांना यायचं त्यांनी आपापल्या गटाच्या सचिवाकडे नाव द्यावं. दुर्बीण आमच्याकडे आता दोन आहेत. लुगडं आणि कॅन आम्ही आणतो, ठेचा तुम्ही आणा.